सरकार बंदी का घालत नाही? इंदिरानगरच्या एका आईचं पत्र

मॅडम, नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मिस्टर अंबडला कंपनीत शिफ्ट ड्युटीला, मी पतसंस्थेत, दिवसभर घरी सासूबाई असतात. मुलगा आठवीत आहे, १३ वर्षांचा. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी फोन हातात दिला तो काही परत घेता आला नाही. आधी फ्री फायर, आता बीजीएमआय, दोन्ही गोळीबाराचे गेम. परवा जेवायला हाका मारून मारून थकले म्हणून फोन ओढला तर ‘आई थांब ना, मरतोय मी’ असं किंचाळला आणि टीव्हीचा रिमोट भिंतीवर फेकला. तोंडात हिंदी शिव्या, आमच्या घरात कोणी तसलं बोलत नाही. त्यात सासूबाईंच्या खात्यातून ३४०० रुपये गेलेले निघाले, कसली तरी यूसी घेतली म्हणे. शिवाय कॉलेज रोडकडे कुठल्या तरी गेमिंग कॅफेत मित्रांबरोबर जाऊन जीटीए नावाचा गेम खेळतो हे मला दुसऱ्या एका मुलाच्या आईकडून कळलं. मिस्टर घरी असले की दोघं रात्री साऊथचे डब सिनेमे बघतात, तेवढंच काय ते बापलेकाचं बोलणं. पेपरात वाचतो ना आपण गेमपायी मुलं काय काय करून बसतात, हा पण तसा होईल का? एवढ्या मारामारीच्या गेमवर सरकार सरळ बंदी का घालत नाही? २०२५ ला कायदा आला ना, मग हे चालू कसं? सासूबाई म्हणतात फोन तूच दिलास, मिस्टर म्हणतात तुझं लक्ष नाही. ता. क. माझा भाऊ दिवाळीला त्याला प्लेस्टेशन देणार म्हणतोय, मी नको म्हटलं तर रुसलाय. काय करू?

—

ताई, तुमच्या पत्रात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात आणि सगळ्याचं बिल तुम्ही ‘मारामारीचा गेम’ ह्या एकाच्याच नावावर फाडलंय. त्यामुळे होतंय काय की जिथे खरंच दार लावून घ्यायला हवं तिथे उघडं राहिलंय आणि जिथे एवढं घाबरायचं कारण नाही तिथे तुमची झोप उडालीय.

आधी तो रिमोटचा प्रसंग घेऊ, कारण तेव्हा स्क्रीनवर नक्की काय चाललं होतं हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. बीजीएमआयमध्ये १०० जण विमानातून एका बेटावर उड्या मारतात, घराघरांत शिरून बंदुका, हेल्मेट, मलमपट्टी गोळा करतात, मग खेळायची जागा हळूहळू आकसत जाते आणि शेवटी जी टीम जिवंत राहील ती जिंकली. पोरं बहुतेक करून चौघांची टीम करतात, त्याला स्क्वाड म्हणतात. एक मॅच साधारण अर्धा तास चालते आणि मधे थांबवायची सोयच नसते, कारण तुमच्या मुलाला जेवायचंय म्हणून बाकीचे ९९ जण थोडीच थांबणार. म्हणजे तुम्ही फोन ओढला तेव्हा तुमच्या बाजूने वरण-भात गार होत होता आणि त्याच्या बाजूने वर्गातले तीन मित्र कानात ‘कुठे गेला रे’ म्हणून बोंबलत होते आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हॅनमध्ये त्याचा उद्धार ठरलेला होता. म्हणून रिमोट फेकणं माफ असं अजिबात नाही, रिमोटचे पैसे त्याच्या पॉकेटमनीतूनच कापा. पण ‘मरतोय मी’ ही कोणाचा जीव घ्यायची भाषा नाही, आऊट होतोय ह्याला ती पोरं मरतोय म्हणतात, एवढंच. आणि यावर उपाय अगदी साधा आहे, त्याला मिनिटं मोजून देऊ नका, मॅच मोजून द्या. साडेआठला जेवण असेल तर आठनंतर नवीन मॅच सुरू करायची नाही. ‘अजून पाचच मिनिटं’ ह्या वाक्याला ह्या गेममध्ये काही अर्थच नसतो, तुम्ही पाच म्हणता, तो हो म्हणतो, आणि दोघांनाही माहीत असतं की ते होणार नाही.

माझ्या भाच्याने एकदा मला बळंच हा गेम खेळायला बसवलं होतं. मी उडी मारली ती एका गोडाऊनच्या छपरावर जाऊन बसले, खाली कसं उतरायचं हे त्याला विचारेपर्यंत कुठून तरी गोळी आली, हिरवं काहीतरी उडालं आणि मी संपले (आपल्याकडच्या बीजीएमआयमध्ये रक्त लाल नाही हिरवं दाखवतात, आपली मनं फार हळवी ना). भाचा म्हणाला मावशी तू अगदीच बॉट आहेस, बॉट म्हणजे कॉम्प्युटरनेच मधे सोडलेला मठ्ठ खेळाडू. ठीक आहे. पण तुम्हीही एकदा बसाच, नुसतं शेजारी बसून बघणं नव्हे, हातात घेऊन खेळा, तो हसेल तुम्हाला, हसू दे. ज्या गोष्टीवर घरात इतका वाद चाललाय ती गोष्ट घरातल्या एकाही मोठ्या माणसाने उघडून बघितलेली नाही, हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त खटकलं.

आता मोठा प्रश्न, हा तसा होईल का. त्या बातम्या मीही वाचते, हेडिंगमध्ये गेमचं नाव असतं आणि खाली शेवटच्या चार ओळींत घरातली भांडणं, कर्ज, आधीपासूनचा मानसिक आजार असलं काही तरी निघतं. अमेरिकेत १९९९ ला कोलंबाइनच्या शाळेत दोन मुलांनी गोळीबार केला, ती ‘डूम’ नावाचा गेम खेळायची, तेव्हापासून हा वाद जो पेटलाय तो पेटलाय आणि त्यावर अभ्यासही ढिगाने झालेत. २०१९ ला ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांची हजारभर ब्रिटिश मुलं घेतली, कुठले गेम खेळता ते मुलांना विचारलं आणि मुलगा-मुलगी वागते कशी ते आईबापांना विचारलं, गेममधल्या मारामारीचा आणि मुलांच्या आक्रमकपणाचा संबंध काही सापडला नाही. एपीए म्हणून अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची मोठी संघटना आहे, त्यांनी २०२० मध्ये ठरावच केला की हिंसाचाराला गेम कारण आहेत असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, उगाच गेमवर ढकलून मोकळे होऊ नका. मात्र त्याच ठरावात हेही आहे की आरडाओरडा, ढकलाढकली असल्या किरकोळ आक्रमकपणाशी थोडासा संबंध दिसतो. जपान, दक्षिण कोरियातली पोरं तर रात्रंदिवस गेम खेळतात आणि तिथे खुनांचं प्रमाण जगात सगळ्यात कमी असलेल्या देशांमध्ये मोडतं. म्हणजे रिमोटपर्यंतचा संबंध मी मान्य करते, त्याच्या पलीकडचा नाही.

आणि हिंसा बघूनच मुलं बिघडत असती ना तर मग घरात जे सिनेमे चालतात त्यांचं काय हो? त्यात रक्त हिरवं नसतं. मिस्टरांच्या शेजारी बसून पोरगा एका फटक्यात वीस माणसं हवेत उडताना बघतो तेव्हा कोणाला काही वाटत नाही कारण बाप बरोबर आहे. आपण पाहुणे आले की तपोवनात नेऊन लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथेच कापलं असं हौसेने सांगतो, चार वर्षांचं पोर खांद्यावर घेऊन सांगतो, आणि नरसिंहाची गोष्ट तर विचारूच नका.

बंदी का घालत नाही म्हणता? घातली की! तुमचा मुलगा जो फ्री फायर खेळायचा तो फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केला. पबजी तर त्याच्याही आधी, २ सप्टेंबर २०२० ला, एका फटक्यात ११८ अ‍ॅप गेले त्यात गेला. पण कारण काय दिलं होतं, तर देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, लोकांचा डेटा बाहेर जातोय. चीनशी गलवानला चकमक झाली त्यानंतरचे दिवस होते ते, आयटी कायद्याचं ६९ अ कलम लावलं. तुमच्या मुलाचा अभ्यास किंवा त्याची झोप हा तिथला विषयच नव्हता. मग झालं काय, २ जुलै २०२१ ला तोच गेम थोडे कपडे बदलून बीजीएमआय म्हणून परत आला, जुलै २०२२ ला तोही प्ले स्टोअरवरून गायब, मे २०२३ ला परत हजर. फ्री फायर गेला पण फ्री फायर मॅक्स राहिलाच. पोरं एकातून उठली आणि दुसऱ्यात जाऊन बसली. २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी तर शहरात पबजीवर बंदीचा हुकूम काढून काही कॉलेजच्या पोरांना अटकसुद्धा केली होती, फोनवर गेम खेळला म्हणून अटक, विचार करा. चीनने २०२१ ला ह्याहून कडक केलं, १८ खालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी फक्त रात्री ८ ते ९ ऑनलाइन गेम. तिथल्या पोरांनी आजी-आजोबांच्या नावाने लॉगिन करायला सुरुवात केली. आजी सगळीकडे सारखीच.

हे आपल्याला तसं नवीन नाही. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ नाटक १९०७ ला रंगभूमीवर आलं आणि १९१० ला इंग्रज सरकारने त्यावर बंदी आणली, ती काय भीम कीचकाला मारतो ते बघून मुलं बिघडतील म्हणून? लोकांना कीचकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसायला लागला होता म्हणून. सरकार कुठलंही असो, बंदीचं कारण त्याचं स्वतःचं असतं, तुमच्या जेवणाच्या ताटापाशी काय चाललंय त्याच्याशी त्याला घेणं नसतं. तुम्ही म्हणता तो २०२५ चा कायदाही तसाच वेगळा आहे, तो पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर आहे, रमी, फॅन्टसी टीम वगैरे जे जाहिरातींत दिसायचं ते. बीजीएमआयमध्ये मुलं पैसे जिंकायला पैसे लावत नाहीत म्हणून तो त्या कायद्यात बसत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे (आपलं गंगापूर रोडचं सोमेश्वर नव्हे).

सिनेमाचं कसं, दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे, त्यांनी १९१३ ला पहिला सिनेमा काढला आणि पाचच वर्षांत, १९१८ ला, सिनेमावर लक्ष ठेवायचा कायदा आला, आता तर यूए (आईबापांच्या देखरेखीखाली बघायचा) ह्या शिक्क्यामधेसुद्धा ७, १३ आणि १६ असे वयाचे वेगवेगळे आकडे आलेत. गेमला आपल्याकडे असं बोर्डच नाही. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असा छोटासा आकडा असतो तेवढाच, आणि तो किती आईबाप बघतात ते तुम्हालाही माहितीय नि मलाही. माझं मत विचाराल तर तो आकडा मोठ्या अक्षरात हवा, मराठीत हवा आणि गेम उघडताना दर वेळी दिसायला हवा. पण सरसकट बंदी नको. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २००५ ला कायदा केला होता, १८ खालच्यांना हिंसक गेम विकायचे नाहीत म्हणून, आणि सही कोणाची तर गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगरची, ज्याने सिनेमात आयुष्यभर माणसंच उडवली! २०११ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो कायदा ७ विरुद्ध २ ने रद्द केला आणि निकालात सुनावलं की मुलांच्या परीकथा तरी कुठे सोवळ्या आहेत, हॅन्सेल आणि ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत ढकलून मारतातच की. तीस वर्षांचा आयटीवाला रात्री दोन वाजता जीटीए खेळत असेल तर खेळो बापडा, ते सरकारने बघायचं काम नाही.

पण तुमचा मुलगा तीस वर्षांचा नाही. इथे मी तुमच्यापेक्षा कडक आहे. बीजीएमआय आणि जीटीए ह्यांना तुम्ही एकाच रांगेत बसवलंय, ते तसे नाहीत. जीटीए ५ च्या पाकिटावर युरोपचा १८ चा शिक्का असतो, अमेरिकेत १७ च्या खाली नाही. त्यात नुसती मारामारी नाही, स्ट्रिप क्लब आहे, वेश्या आहेत, एका बांधून ठेवलेल्या माणसाचे हाल करायचा अख्खा भाग आहे आणि तो बघायचा नसतो, कुठलं हत्यार वापरायचं ते खेळणाऱ्याने निवडून स्वतः करायचं असतं. मोठ्या माणसाला त्यातली टिंगल कळते, तो गेम अमेरिकेच्या पैशाच्या वेडाची थट्टा करतोय हे कळतं, आठवीतल्या मुलाला फक्त गाडी चोरायची आणि रस्त्यावरच्या बाईला उडवायचं एवढंच कळतं. तेव्हा घरातली बंदी घालायची असेल तर ती इथे घाला, स्पष्ट शब्दांत, कारण सांगून, आणि मग त्यात सूट नाही. ज्यांनी तुम्हाला सांगितलं त्या आई आणि तुम्ही दोघी मिळून त्या कॅफेत जा. भांडायला जाऊ नका, मालकाला शांतपणे सांगा की आमची मुलं आली तर फुटबॉल लाव, रेसिंग लाव, जीटीए लावू नको, नाहीतर वर्गातल्या सगळ्या आयांचा ग्रुप आहे आमचा. ग्रुपचं नाव काढलं की पुरतं.

आणि घरातल्या कुठल्याही फोनमध्ये ‘जीटीए ५ मोबाईल’ असलं काही दिसलं तर त्याच मिनिटाला उडवा. जीटीए ५ कंपनीने मोबाईलसाठी काढलेलाच नाही, त्या ज्या फाइली व्हॉट्सअ‍ॅप-टेलिग्रामवर फिरतात त्या भामट्यांच्या असतात. ज्या फोनवर सासूबाईंच्या बँकेचे मेसेज येतात त्यावर असली फाइल बसली ना तर प्रकरण ३४०० वर थांबायचं नाही.

आता त्या ३४०० कडे या. यूपीआयला सहसा पिन लागतो, म्हणजे बहुतेक पिन त्याला माहीत आहे, आणि माहीत का आहे तर आजीचा रिचार्ज, लाइट बिल, देवस्थानाची देणगी सगळं तोच करून देतो आणि आजी सोसायटीत सगळ्यांना कौतुकाने सांगते आमचा नातू बघा किती हुशार. घरोघरी मातीच्या चुली. यूसी म्हणजे त्या गेममधलं चलन, त्यातून कपडे, बंदुकीचे रंग असलं सामान मिळतं, त्याने खेळ काही सुधारत नाही पण वर्गात भाव वाढतो. त्यातल्या त्यात वाईट म्हणजे क्रेट, यूसी देऊन पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब. माझ्या मते ही सरळ सरळ लॉटरी आहे, बेल्जियमने २०१८ मध्येच असल्या पैसे घेऊन उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवलं. आजीचा पिन आजच बदला आणि ह्या वेळी बिल भरायला मिस्टरांना बसवा. प्ले स्टोअरमध्ये पैसे भरायची जी साधनं जोडलीत ती काढून टाका, सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं करा. खरेदी ४८ तासांच्या आतली असेल तर गूगलकडे रिफंड मागता येतो, तुमची बहुतेक जुनी असणार, तरी अर्ज टाकून बघा, मिळाले तर मिळाले. आणि हे जे झालं त्याला चोरीच म्हणा. ‘गेमच्या नादात झालं’ असं लाडाचं नाव देऊ नका, गेम नसता तरी दुसऱ्याच्या खात्याला हात लावायचा नसतो हे त्याला कळायला हवं. त्याने स्वतः आजीला सांगायचं, मी घेतले, आणि पॉकेटमनीतून फेडायचे, कितीही महिने लागोत. पण मामा-काका-शेजारी सगळ्यांसमोर पंचनामा नको.

शिव्यांचं उत्तर त्याच्या हेडफोनमध्ये आहे. ह्या गेममध्ये माईक चालू असतो, चौघांची टीम भरत नसेल तर गेम अनोळखी लोक जोडून देतो, पोरं त्यांना रँडम म्हणतात. हा रँडम बारा वर्षांचा पण असू शकतो आणि तिशीचा बाप्या पण. मला गोळ्यांपेक्षा ह्याचीच जास्त धास्ती वाटते. कोणी नंबर, फोटो, इन्स्टाचा आयडी मागितला होता का, कोणी ‘तुझा आयडी दे, फुकट यूसी टाकतो’ म्हणालं का, हे त्याला विचारा, आणि विचारताना चेहरा असा ठेवा की हो म्हटलं तर फोन जाईल असं त्याला वाटणार नाही. आवाज फक्त आपल्या टीमपुरता ठेवायची किंवा पूर्ण बंद करायची सोय सेटिंगमध्ये असते, तो स्वतःच करून दाखवेल. आणि नियम करा की खेळायचं ते हॉलमध्ये बसून आणि हेडफोन न लावता. आजी समोर पोथी वाचत बसलेली असली की दोन्ही बाजूंच्या शिव्या आपोआप आटतात, करून बघा.

बीजीएमआयमध्ये १८ खालच्यांना आईवडिलांची संमती आणि दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे. आता तुमच्यापैकी कोणाच्या तरी नंबरवर ओटीपी येऊन गेला असणार, किंवा मग साहेबांनी १८ पूर्ण असं सांगून टाकलं असणार. विचारा त्याला. तसे ३ तासही आठवीतल्या मुलाला जास्तच आहेत. शाळेच्या दिवशी दोन मॅच, सुट्टीला थोडं सैल, आणि रात्री दहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सगळे म्हणजे तुमचाही आणि मिस्टरांचाही. नाहीतर पोरगा पांघरुणात जे करतो तेच आपण उघड्यावर करत असतो.

सासूबाई काय म्हणतात, मिस्टर काय म्हणतात... ताई, तो फोन तुम्ही हौसेने दिला नव्हता, शाळेने मागितला होता. पतसंस्थेतून सहा-साडेसहाला येऊन कुकर लावणाऱ्या बाईनेच पोराच्या फोनवर नजर ठेवायची, आणि बाकीच्यांनी रिझल्ट लागल्यावर मार्क द्यायचे, हे मला अजिबात पटत नाही. शिफ्ट असते मान्य आहे, पण वीकली ऑफ पण असतो. दोन-अडीच तास सिनेमा बघायला शेजारी बसता येतं तर अर्ध्या तासाची एक मॅच स्क्वाडमध्ये बसून खेळता येते. बापाने गेम शिकवायला लेकाला सांगितलं की पोरगं किती बोलतं बघा, आणि मग त्या बोलण्यातूनच कळतं की कॅफेत कोण असतं, रँडम कोण आहे, शाळेत कोण छळतंय. हा परिच्छेद मिस्टरांना वाचून दाखवलात तरी चालेल, मी नाव घेतलेलं नाही.

मैदानावर पाठवा असं मी तोंड वर करून सांगणार नाही. संध्याकाळी तुमच्याच जॉगिंग ट्रॅकवर जा आणि १३ वर्षांच्या पोराने तिथे नक्की कुठे खेळायचं ते मला सांगा. बॉल जरा चालणाऱ्या काकांच्या पायात गेला की आरडाओरडा. गोल्फ क्लबच्या मैदानावर खेळतात पोरं, पण इंदिरानगरहून नेऊन आणायला माणूस लागतो आणि तो माणूस परत तुम्हीच. तेव्हा ते जमलं तर बघा, नाही जमलं तर स्वतःला बोल लावून घेऊ नका.

डॉक्टरकडे कधी जायचं, तर गेम हा आजार आहे का ह्यावर डब्ल्यूएचओने २०१९ ला ‘गेमिंग डिसऑर्डर’ ला मान्यता दिली, २०२२ पासून त्यांच्या यादीत आहे. पण त्यांची अट बघा, खेळणं स्वतःला थांबवता येत नाही, बाकी सगळं मागे पडलंय, नुकसान दिसत असूनही चालूच आहे, आणि हे साधारण वर्षभर. एका रिमोटवरून कोणी निदान करत नाही. तुमचा मुलगा शाळेत जातोय, मित्र आहेत, जेवतोय (उशिरा का होईना), तेव्हा आत्ता तरी मला तसं दिसत नाही. पण शाळा बुडवायला लागला, मित्र तुटले, अंगावर धावून यायला लागला किंवा ‘जगून काय करू’ असलं काही बोलला तर वर्ष मोजत बसू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारची टेली-मानस म्हणून फोन सेवा आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

राहिला मामा. तुम्हाला आश्चर्य वाटेल पण प्लेस्टेशन मला फोनपेक्षा बरं वाटतं. ते हॉलमधल्या टीव्हीला लागतं, पांघरुणात नेता येत नाही, त्यात आईबापाच्या नावाचं खातं करून मुलाच्या खात्याला वयाची, वेळेची आणि खर्चाची मर्यादा घालता येते, आणि ते काम पहिल्याच दिवशी, खोकं उघडल्या उघडल्या करायचं, नंतर होत नाही. पण ३४०० फिटायच्या आत पन्नास हजारांच्या घरातलं बक्षीस घरात आलं तर आजीला काय वाटेल? भावाचा रुसवा भाऊबीजेला ओवाळताना निघेल, त्याला सांगा वार्षिक परीक्षा झाली की आण, पैसे फिटले असतील तरच आण, बरोबर दुसरा कंट्रोलर आण म्हणजे मिस्टरांना पळवाट राहणार नाही. आणि ‘डिस्काउंटमध्ये मिळत होती’ म्हणून जीटीएची डिस्क घेऊन येऊ नकोस. हे शेवटचं दोनदा सांगा, मामालोकांचा काही भरवसा नसतो.